गाडी रिक्षावाल्याची, मार्क माझे

काल रात्री जेवताना लेकीने सगळ्यांसमोर जाहीर केलं, "बाबा, तुम्हाला सत्तेचाळीस पडले." शंभरपैकी. विषय : सुरक्षित वाहनचालन. आता काल मी वाहन चालवलेलंच नव्हतं. मी रिक्षात मागे बसलो होतो, मांडीवर पिशवी घेऊन.

लेकीला कॉलेजसाठी स्कूटर घेऊन दिली, तेव्हा फोनमध्ये गाडी चालवण्याला मार्क देणारं हे ॲप टाकायची अट मी घातली. तुम्हीही टाकणार असाल तरच, ही तिची उलट अट. ॲप तरुणांसाठी आहे, हे त्याच्या जाहिरातीतच लिहिलंय. वेग, जोरात मारलेला ब्रेक, गचकन घेतलेलं वळण, चालवताना फोनला लावलेला हात, असं सगळं ते फोनमधल्या सेन्सरवरून ओळखतं. फक्त फोन खिशात घेऊन बसलेला माणूस हँडलमागे आहे की मागच्या सीटवर, एवढी एकच क्षुल्लक गोष्ट त्याला कळत नाही.

आनंदनगरहून टिळक रोडला बँकेत निघालो होतो, केवायसीसाठी. विठ्ठलवाडीच्या अलीकडे रिक्षावाल्याने करकचून ब्रेक मारला आणि माझ्या खिशातून एक बाई शांतपणे म्हणाली, "कृपया ब्रेक सावकाश लावा."

रिक्षावाल्याने आरशात पाहिलं. "कोण बोललं?"

"फोन आहे."

"मला बोलला?"

"नाही, मला."

"पण ब्रेक तर मी मारला!"

मी ॲप समजावून सांगितलं. गप्प बसायला हवं होतं, पण पुणेकराला कोणी काही विचारलं की तो सांगतोच. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कुत्रं आडवं आलं होतं साहेब. सावकाश ब्रेक लावला असता तर कुत्र्याचे मार्क कोणी दिले असते? बाईंना विचारा."

बाई ऐकत नाहीत, फक्त बोलतात, असं मी म्हणालो. यावर तो बराच वेळ हसला. का, ते मी विचारलं नाही.

"किती मार्क झाले आता?"

पाहिलं तर एक्क्याऐंशी. त्याचा चेहरा पडला. तेवीस वर्षं रिक्षा चालवतो, एक अपघात नाही, आणि एक्क्याऐंशी? त्याने मनावर घेतलं. राजाराम पुलापासून पुढे आम्ही वरातीच्या वेगाने निघालो. मागे हॉर्नचा कल्लोळ. एक बुलेटवाला शेजारी येऊन काहीतरी आईवरून बोलला, तर हा बाहेर डोकं काढून त्याला म्हणाला, "अहो, साहेबांचे मार्क जातात!" बुलेटवाल्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरणार नाही. मागून पीएमपीची बस अंगावर येत होती, तिच्या ड्रायव्हरलाही त्याने हाच खुलासा केला.

"आता किती?" मी फोन उघडला. बाई म्हणाल्या, "वाहन चालवताना फोन हाताळू नका." अठ्ठ्याहत्तर. "का कापले?" तुम्हाला मार्क दाखवायला फोन उघडला म्हणून. "मग आता किती?" पुन्हा उघडला. चौऱ्याहत्तर. दांडेकर पुलापर्यंत आम्ही दोघांनी मिळून माझी इभ्रत साठच्या आत आणली होती. राहिलेलं काम स्पीडब्रेकरांनी केलं.

स्पीडब्रेकरवरून आठवलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणाप्रमाणे तो १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरच्या वेगाने गाडी अलगद जाते. आमच्याकडचे स्पीडब्रेकर उरलेलं डांबर संपवण्यासाठी केलेले असतात. त्यावर पट्टे नाहीत, आधी पाटी नाही. अंधारात तो सापडतो तेव्हा ब्रेक 'अचानक'च लागतो आणि मार्क माझे जातात. कंत्राटदाराच्या फोनमध्ये असलं ॲप कोणी टाकल्याचं ऐकिवात नाही. उलट्या दिशेने येणाऱ्यालाही काही होत नाही, कारण तो ब्रेक मारतच नाही. ब्रेक आपण मारतो. जो वाचवतो, त्याचेच मार्क कापायचे, असा एकूण हिशोब.

युक्त्या जुन्याच आहेत म्हणा. सॅमसंगने २०१६ साली आपल्याकडे बाइक मोड आणला होता. फोन आला की समोरच्याला सांगायचं, हे गृहस्थ गाडीवर आहेत, तातडीचं असेल तर एक दाबा. आमच्या मावशीच्या आयुष्यात तातडीचं नाही असं काही नाही. हळदीचा भाव विचारायलाही ती एक दाबायची.

मुख्य शोध मला जेवतानाच लागला. लेकीला चौऱ्याण्णव. पोरगी वळणावर स्कूटर कशी घालते, ते मी गॅलरीतून रोज बघतो. तिने सहज सांगितलं, "एखादी ट्रिप खराब गेली की 'मी प्रवासी होते' असं दाबायचं." म्हणजे स्वतःच्या स्कूटरवर ती वर्षभर प्रवासी आणि रिक्षातला प्रवासी मी ड्रायव्हर. मी ते बटण शोधेपर्यंत माझे मार्क कुटुंबाच्या ग्रुपवर गेले होते आणि नागपूरहून साडूंचा अंगठा आला होता.

हसू येतं, पण राग जात नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची. त्या आकड्याच्या भीतीने मी ॲप टाकलं होतं. त्यावर उपाय म्हणून मला मिळालं काय, तर खिशातली बाई आणि साडूंचा अंगठा.

बँकेसमोर उतरलो तेव्हा जेवणाची सुट्टी होऊन खिडकी बंद झाली होती. सुटे मोजता मोजता रिक्षावाला म्हणाला, "आमच्या पोराच्या मोबाइलमध्ये टाकून मिळेल का हे? एकोणीसचा आहे. सामान पोचवतो घरोघरी."

मिळेल की, मी म्हणालो.

तो थोडा थांबला. "त्याच्याकडे एक ॲप आहेच कंपनीचं. त्यात उशिरा पोचला तर मार्क जातात. ह्याच्यात जोरात गेला तर जाणार. पोराने ऐकायचं कोणाचं?"

मला सुचेना. उत्तर त्यानेच दिलं, "पगार देतंय त्याचं ऐकणार." मग त्याने रिक्षा वळवली आणि सिग्नलचा वळसा नको म्हणून कडेकडेने उलट्या दिशेने सुसाट निघून गेला. फोन माझ्याबरोबर फुटपाथवर होता. बाई काही बोलल्या नाहीत.