बांगारामची शेवटची रात्र अगत्तीत का काढायची? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

लक्षद्वीपमधल्या अगत्ती आणि बांगाराम या बेटांच्या सहलीवरच्या माझ्या लेखाखाली 'जुळे सोलापूरकर' या नावाने तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: सोलापूरहून गोव्याला विमान सुरू झालंय, गोव्याहून अगत्तीलाही आहे, मग वाटेत मुक्काम सांगून मी खर्च उगाच वाढवला. परतीच्या आधीची रात्र बांगारामच्या रिसॉर्टवर न काढता अगत्तीत काढा, हा सल्ला म्हणजे पैसे मोजून सुख सोडणं. बॅगेच्या वजनाचा मी बाऊ केला. आणि एवढी कटकट असेल तर माणूस सरळ मालदीवला जाईल. शेवटी तुम्ही तुमच्या आईंच्या गुडघ्यांचं विचारलंय. त्यावर शेवटी सविस्तर लिहितो.

मुक्कामांबद्दल मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. एरवी आपण प्रवास घरापासून आखतो: गाडी किती वाजता, विमान किती वाजता, पुढचं पुढे बघू. इथे तसं केलं की फसतं. इथे आधी बोटीची वेळ धरायची आणि तिथून मागे मागे येत सोलापूरच्या होटगी रोडवरच्या विमानतळापर्यंत पोचायचं. साखळीतला सगळ्यात नाजूक दुवा बोट आहे, आणि तिची वेळ समुद्र ठरवतो.

अगत्ती आणि बांगाराम एकाच लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या कड्याने वेढलेल्या उथळ पाण्यात, नाहीत. बोट अगत्तीच्या लगूनमधून प्रवाळाच्या कड्यातल्या वाटेने बाहेर पडते, मधला पट्टा उघड्या समुद्रातून कापते आणि मग बांगारामच्या लगूनमध्ये शिरते. फोटोत दिसणारं ते शांत, पोपटी पाणी फक्त दोन टोकांना असतं. मधे लाटा असतात, वारा असेल तर चांगल्याच. स्पीडबोटीला अर्ध्या तासाच्या आसपास लागतो, संथ बोटीला तासाहून जास्त.

खरी कसोटी आत शिरताना असते. लगून उथळ आहे आणि त्यात प्रवाळाचे सुळके पाण्याखाली जेमतेम लपलेले असतात. बोट चालवणारा माणूस पाण्याचा रंग वाचत जातो: गडद निळं म्हणजे खोल, पोपटी म्हणजे वाळू, तपकिरी डाग म्हणजे प्रवाळ. ऊन डोक्यावर असेल तर हे डाग स्वच्छ दिसतात. ऊन कललं, त्यातून समोरून आलं, की पाणी नुसतं चकाकतं आणि खालचं काही दिसत नाही. त्यात ओहोटी असेल तर बोटीचा तळ किंवा पंखा घासण्याची भीती. म्हणून दुपार टळल्यावर निघायला चांगला बोटवाला कांकू करतो, आणि अंधारात तर निघतच नाही. तो अडवणूक करत नाही, पर्यटकांचा जीव सांभाळतो.

आता तुमचा आराखडा बघा. एकाच दिवशी सोलापूर–मोपा (गोव्याचा उत्तरेकडचा विमानतळ), मोपा–अगत्ती आणि लगेच बोट. सोलापूर–गोवा विमान रोज असेलच असं नाही, अगत्तीचंही तेच, आणि वेळापत्रक हंगामागणिक बदलतं. दोन्ही तिकिटं वेगवेगळ्या पीएनआरवर असतील तर पहिलं विमान उशिरा आल्याने दुसरं चुकलं, तरी ती जबाबदारी तुमच्यावर येते. हवामानामुळे विमान रद्द झालं तर तिकिटाचे पैसे किंवा पुढच्या विमानात जागा मिळते, पण रिसॉर्टची बुडालेली रात्र आणि बोटीचं भाडं कोणी देत नाही. मोप्याजवळची एक रात्र त्या एका रिसॉर्टच्या रात्रीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. रस्त्याने गोव्याला जाणाऱ्यांनी टॅक्सीवाल्याला 'मोपा' असं स्पष्ट सांगायचं. नुसतं 'गोवा एअरपोर्ट' म्हटलं तर तो गोव्याच्या दुसऱ्या विमानतळावर, दाबोळीला नेऊ शकतो, आणि तिथून पेडणे तालुक्यातल्या मोप्याला यायला दीड-दोन तास मोडतात.

कोचीमार्गे जायचं असेल तर पुणे–कन्याकुमारी एक्स्प्रेस सोलापूरवरूनच जाते. एका दिवसापेक्षा जास्त वेळ लागतो, पण विमानतळासाठी एर्नाकुलमपर्यंत जाऊ नका. आलुवा किंवा अंगमालीला उतरा, कोचीचा विमानतळ असलेलं नेडुंबासेरी तिथून जवळ आहे.

परतीच्या रात्रीचं गणितही तेच, फक्त जास्त कडक. अगत्तीचं विमान सकाळचं असेल तर बांगारामहून उजाडता उजाडता निघावं लागतं, आणि नेमका त्या पहाटे वारा सुटला तर बोट दोन तास थांबते. विमान काही थांबत नाही, आणि पुढचं विमान दुसऱ्या दिवशी मिळेलच याची खात्री नाही. आदल्या दिवशी ऊन वर असताना अगत्तीला येऊन राहिलात तर सकाळी फक्त रस्त्याचं अंतर उरतं. बेट लांबट आणि चिंचोळं आहे, विमानतळ दक्षिण टोकाला आहे, अंतर किरकोळ आहे. मात्र लक्षद्वीपच्या प्रवेश परवान्यात अगत्तीच्या मुक्कामाचाही उल्लेख असू द्या, कारण परवाना ठरावीक बेटांसाठीच मिळतो.

परवान्याचं काम 'एका दिवसात होतं' असं तुम्ही लिहिलंय. त्यावर विसंबू नका. त्यासाठी पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला लागतो. तुम्ही शहरात राहत असाल तर अर्ज सोलापूर पोलीस आयुक्तालयाकडे जातो. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटची मंडळी सोबत असतील तर त्यांचा अर्ज ग्रामीण पोलिसांकडे. ऑनलाइन अर्जात चुकीचं कार्यालय निवडलं की तो तसाच पडून राहतो. आधारवरचा पत्ता आणि राहता पत्ता वेगळा असेल तर पडताळणी आणखी लांबते. निघण्याआधी किमान महिनाभर हे काम सुरू करा.

वजनाबद्दल. अगत्तीची धावपट्टी जेमतेम १,२०० मीटर लांब आहे. एटीआर ७२ हे पंख्यांचं छोटं विमान तिथे उतरतं, पण भरलेल्या वजनाने उडायला ती लांबी तोकडी पडते. हवा तापली की विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि मर्यादा आणखी घट्ट होते. शिवाय लक्षद्वीपमध्ये दुसरा विमानतळ नाही. अगत्तीला ढग खाली आले आणि उतरता आलं नाही, तर पायलटला मुख्य भूमीपर्यंत परतावं लागतं, आणि तेवढं इंधन आधीच भरून न्यावं लागतं. इंधनाचं वजन वाढलं की ते माणसांतून आणि सामानातून वजा होतं. म्हणून काही सीटा रिकाम्या ठेवल्या जातात, कधी बॅगा मागे राहतात. हा बाऊ नाही, साधी वजाबाकी आहे. तिकिटावर लिहिलेल्या किलोंच्या आतच राहा, आणि एक दिवसाचे कपडे, औषधं, चष्मा, परवान्याची छापील प्रत हातातल्या पिशवीत ठेवा.

चाकांची कडक बॅग नेऊ नका. एटीआरच्या वरच्या कप्प्यात ती मावत नाही, बोटीत घसरते आणि वाळूत चाकं फिरत नाहीत. कापडी डफल घ्या आणि आत सगळं जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधा, कारण बोटीवर शिंतोडे येतातच. कडक भाकरी जरूर न्या, ती टिकते. शेंगा चटणी मात्र चेक-इनच्या बॅगेत टाका. हातातल्या सामानात तिखटाची पूड सुरक्षा तपासणीत अडते. दारू सोबत नेता येत नाही, आणि परत येताना प्रवाळाचा तुकडाही आणू नका. वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे.

मालदीवबद्दल एवढंच: सूर्याचा नियम तिथेही सुटत नाही. मालेहून रिसॉर्टला जाणारी सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारी ट्विन ऑटर विमानं, दिवसाउजेडीच उडतात. तुमचं विमान दुपारी साधारण साडेतीनच्या आत उतरलं नाही तर ती रात्र माले किंवा हुलहुमालेत काढावी लागते. सामान साधारण २० किलो अधिक हातातलं ५ किलो. भारतीयांना व्हिसा उतरल्यावर फुकट मिळतो, पण प्रवासाआधीच्या ९६ तासांत ऑनलाइन घोषणापत्र भरावं लागतं. सोलापूरकरांना सोयीचं म्हणजे रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई. मात्र त्याच सकाळचं विमान धरू नका, गाडी उशिरा आली तर सगळंच कोलमडतं.

आता आईंचं. मे मध्यापासून सप्टेंबर मध्यापर्यंत अजिबात नेऊ नका, पावसाळी समुद्र त्यांच्यासाठी नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं. एटीआरला चढायचं दार मागे असतं आणि पायऱ्या मोजक्याच, म्हणून सीट शेवटच्या रांगांतली घ्या. तिथे पंख्यांचा आवाजही मधल्या सीटांपेक्षा कमी. व्हीलचेअर हवी असेल तर तिकीट काढतानाच नोंदवा.

उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून बोटीच्या एक तास आधी द्या, मळमळ सुरू झाल्यावर ती उपयोगाची नाही. पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. बोटीत पुढे बसवू नका. नाक लाटेवर आपटतं आणि प्रत्येक दणका थेट कंबरेत जातो. मागे, मधोमध बसवा, खाली घडी केलेला टॉवेल द्या आणि चालवणाऱ्याला वेग कमी ठेवायला आधीच सांगा.

चढताना घाई करू देऊ नका. बोट लाटेबरोबर वरखाली होते. ती वर येऊन जेटीच्या पातळीला लागते त्या क्षणी पाय टाकायचा, तोही काठावर नाही, आत मधे. खांद्यावर काही नको. पिशवी आधी खलाशाकडे द्यायची. खलाशाने त्यांचं मनगट धरायचं आणि त्यांनी त्याचं, नुसती बोटं धरली तर ओल्या हातात निसटतात. बोट आणि जेटीच्या मधे हात कधीच ठेवायचा नाही. ओहोटीला बोट जेटीच्या बरीच खाली असते, तेव्हा गुडघ्यांना ते जमणार नाही, म्हणून आरक्षण करतानाच भरतीच्या आसपासची फेरी मागा. पलीकडे कधी गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. मागे पट्टा असलेली सँडल घाला, स्लिपर वाळूत रुतून राहते. रिसॉर्टला आधी कळवलं तर उतरायला दोन माणसं उभी करतात, तेवढा फोन निघायच्या आदल्या दिवशी आठवणीने करा.