पारा जळत नाही, उडतो

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांच्या (भंगार वितळवून बिडाचं ओतकाम करणाऱ्यांच्या) व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सार असं: पारा 357 अंशांना उकळतो, आपल्या भट्ट्या 1400-1500 वर चालतात, म्हणजे भंगारात पारा असला तरी जळून खाक. कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या मालात, सापडत नाही, हाच पुरावा. उरलंसुरलं बॅग फिल्टर (धूर गाळणाऱ्या कापडी पिशव्या) धरतो. आणि मिनामाता करारात, म्हणजे पाऱ्यावरच्या आंतरराष्ट्रीय करारात, आपण येतच नाही. विषय संपला!

पारा मूलद्रव्य आहे हो. भट्टीतला कोळसा, म्हणजे कोक, जळतो, राख होते; पाऱ्याची नुसती वाफ होते, ती धुराड्यातून जाते आणि कित्येक महिने हवेत फिरते. धातूत काय काय आहे ते सांगणाऱ्या स्पेक्ट्रो रिपोर्टमध्ये तो दिसेल कसा? लोखंडाचा रस व्हायच्या कितीतरी आधीच तो पसार झालेला असतो. घरात चोर सापडला नाही, म्हणून चोरीच झाली नाही म्हणायचं, तशातली गत.

बॅग फिल्टरचं अर्धं खरं आहे. धुळीला चिकटलेला पारा पिशव्यांत अडकतो. पण वाफ? पिठाच्या चाळणीनं उदबत्तीचा धूर गाळून बघा. वाफ धरायची तर धूर आधी गार करावा लागतो, मग पिशव्यांच्या अलीकडे गंधक लावलेल्या सक्रिय कोळशाची पूड सोडावी लागते. त्यानंतर पिशव्यांखालच्या हॉपरमध्ये जमणारी धूळ परत चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत घालायच्या मालात, टाकली, की सगळं मुसळ केरात. जस्ताच्या मोठ्या कारखान्यांत मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणानं वायू धुऊन पारा कॅलोमेलच्या (पाऱ्याच्या न विरघळणाऱ्या क्षाराच्या) रूपात खाली बसवतात, पण तो खर्च आपल्या आवाक्यातला नाही.

आवाक्यातलं काम भंगाराच्या ढिगाशीच आहे. एकदा जुन्या परदेशी गाडीच्या डिकीतला दिव्याचा स्विच हाती आला. करंगळीच्या नखाएवढी काचेची कुपी, आत चांदीसारखा थेंब. पोरगा ती कलती करून म्हणाला, “साहेब, पळतंय बघा!” अशा एका स्विचात साधारण एक ग्रॅम पारा. स्क्रू-ड्रायव्हरनं दोन मिनिटांत निघतो. भट्टीत गेला, की मग वरचा सगळा खटाटोप.

मिनामाता कराराबद्दल मात्र मेसेज बरोबर आहे. भारत 2018 पासून त्यात आहे, पण हवेतल्या उत्सर्जनाच्या यादीत धातूंपैकी शिसं, जस्त, तांबं आणि औद्योगिक सोनं आहे. बिडाचं ओतकाम नाही. कायद्यानं सुटलो, एवढंच.

आणि सोन्याची गुजरी, चांदीची हुपरी असलेल्या जिल्ह्यात बोलायचं, तर भट्टी म्हणजे फक्त फाउंड्री कशी? सोनाराच्या झाडलोटीत पारा घोळून सोनं-चांदी धरायची, मग तो गोळा उघड्यावर तापवून पारा उडवायचा, हा झारेकऱ्यांचा जुना मार्ग. तिथं ना धुराडं ना पिशवी. वाफ थेट तापवणाऱ्याच्या नाकात. झाकणबंद भांडं आणि पाण्यातून नेऊन गार केलेली नळी असली, तर तोच पारा दुसऱ्या टोकाला वाटीत परत मिळतो, पुढच्या खेपेला वापरताही येतो.