चेन तुटत नाही, ती आतून झिजते: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. एटीव्हीच्या, म्हणजे खडबडीत रस्त्यांवरच्या चारचाकी मोटारबाइकच्या, चेनवरचा माझा लेख (चेन रिंगवाली घ्या आणि बदलताना स्प्रॉकेटही बदला, असं सांगणारा) तुम्ही वाचलात आणि मनापासून विरोध केलात, तेव्हा उत्तरही सविस्तरच द्यायला हवं. तुमचे आक्षेप तीन. ओ-रिंगची, म्हणजे कड्यांच्या सांध्यांत रबरी रिंगा असलेली, चेन म्हणजे पैसे वाया, कारण चिखलात त्या रिंगा फाटतातच. चेन घेताना ती किती ताण सहन करते तेवढंच बघावं. आणि चेनबरोबर स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ती दातेरी चाकं) बदलायची गरज नसते. तुम्ही तर लूज झालेल्या चेनमधल्या दोन कड्या काढून तीच पुढे चालवता.

पहिल्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते मी लेखातच लिहायला हवं होतं. शर्यतीत उतरणारे आणि दर वेळी चेन धुऊन, तेल देऊन ठेवणारे बिनरिंगांची साधी चेन वापरतात. ती हलकी असते, रिंगांचं घर्षण नसतं. लहान मुलांच्या छोट्या गाड्यांनाही ती पुरते. शिवाय रिंगवाल्या चेनच्या पिना लांब असतात, त्यामुळे पुढच्या स्प्रॉकेटजवळ इंजिनाच्या केसिंगला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, ती घासणार नाही ना, हे बसवण्याआधी बघावं लागतं. पण आपल्यापैकी किती जण चिखलातून आल्यावर त्याच संध्याकाळी चेनला तेल देतात?

खरा मतभेद पुढे आहे. ‘चेन ताणली’ असं आपण म्हणतो, पण कड्यांच्या पट्ट्या काही रबरासारख्या लांबत नाहीत. झिजते ती कड्या जोडणारी पिन आणि तिच्याभोवतीची नळी, म्हणजे बुश. मी एकदा टाकून द्यायच्या चेनची एक कडी ग्राइंडरने घासून पिन बाहेर काढली. मधोमध चकचकीत खाच पडली होती, नख फिरवलं तर अडकत होतं. बुशमधून विटकरी रंगाची भुकटी सांडली. बाहेरून मात्र त्याच चेनवर तेल चमकत होतं! वरून मारलेलं तेल तिथवर पोचलंच नव्हतं. ओ-रिंग किंवा एक्स-रिंग (तशीच, पण एक्स आकाराची रिंग) नेमकी तिथलं, कारखान्यात भरलेलं ग्रीस धरून ठेवते आणि वाळू-पाणी बाहेर ठेवते. चिखल असेल तिथे रिंगा जास्तच हव्यात, तुम्ही म्हणता त्याच्या अगदी उलट. त्या लवकर फाटतात त्याला बहुतेकदा आपणच कारण असतो: तारेचा ब्रश, पेट्रोल, जवळून मारलेला प्रेशर वॉशर. रॉकेल आणि मऊ ब्रश वापरून बघा.

ताणशक्तीचा आकडा नवी चेन एकदाच ओढून तोडताना मिळतो. सहा महिने वाळूत फिरल्यावर पिनेचं काय होईल, हे तो सांगत नाही. गाडीला लागते त्या मापाची चांगली चेन तेवढा ताण सहज घेते. ती जाते झिजेने.

आता दोन कड्या काढण्याबद्दल. इथे मला तुमची काळजी वाटते. बहुतेक स्पोर्ट एटीव्हींना ५२० ची चेन असते. त्यातला ५ म्हणजे पाच अष्टमांश इंच, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर १५.८७५ मिलिमीटर. वीस कड्यांची लांबी, पहिल्या पिनेच्या मध्यापासून एकविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत, ३१७.५ मिलिमीटर भरायला हवी. समजा चेन ९६ कड्यांची आहे आणि एक टक्का झिजली, तर ती एकूण १५ मिलिमीटरने लांबते. तुम्ही कड्या काढून एकूण लांबी कमी केलीत, पण उरलेली प्रत्येक कडी लांबलेलीच राहिली. ती दात्याच्या तळाशी न बसता वर चढते, भार थोड्याच दात्यांवर येतो आणि दाते हुकासारखे वाकडे होतात. अशा दात्यांवर नवी चेन टाकलीत तर तीही लवकर खलास. चेन आणि पुढचं-मागचं स्प्रॉकेट, तिन्ही एकदम बदला म्हणतो ते यासाठी. आणि गाडी जोरात असताना चेन पुढच्या स्प्रॉकेटवरून उतरली तर इंजिनाचं केसिंग फोडू शकते, तो खर्च चेनच्या कितीतरी पट असतो.

तुमच्या गाडीसाठी काय घ्यायचं, असं विचाराल तर: माप मॅन्युअलमध्ये बघा. कड्यांची संख्याही तिथूनच घ्या, जुन्या चेनवरून नको, कारण तिच्यातल्या दोन तुम्ही काढल्यात. स्प्रॉकेटच्या दात्यांची संख्या बदलणार असाल तर आधी तेवढा हिशेब करा. रिंगवाली चेन घेतलीत तर लॉकही (चेनची दोन टोकं जोडणारी कडी) रिंगांसकट तिच्याच मेळाचं घ्या; क्लिपचं लॉक असेल तर क्लिपची बंद बाजू चेन जाते त्या दिशेला ठेवा, उघडी बाजू पुढे राहिली तर एखादी काडी अडकून क्लिप निघते.

त्याआधी एक करा. आत्ता गाडीवर असलेली चेन घट्ट ताणून वीस कड्या मोजा, तीन-चार ठिकाणी, कारण झीज सगळीकडे सारखी नसते. सगळ्यात मोठा आकडा इथे लिहा. ३२० मिलिमीटरच्या पुढे गेला असेल, तर चेन बदलेपर्यंत गाडी बाहेर काढू नका.