बाहुलीचा सिनेमा म्हणजे दीड तासाची जाहिरात?

मे महिन्याची सुट्टी लागली की पालकांच्या मोबाईलवर एक मजकूर फिरायला लागतो. यंदाही तो गोव्यात फोंड्यापासून पेडण्यापर्यंत पोचला. म्हणणं थोडक्यात असं : बार्बीसारख्या खेळण्यांवर काढलेले अ‍ॅनिमेशनपट म्हणजे दीड तासाची जाहिरात, त्यांत गोष्ट नसतेच, मुली राजपुत्राची वाट बघायला शिकतात, आणि मुलांचं मराठी बिघडतं. म्हणून घरात लावूच नका. मी सुट्टीत मुलांची नाटकं बसवते आणि यांतले बरेच सिनेमे त्यांच्या शेजारी बसून पाहिले आहेत. हा मजकूर मला मुळीच पटत नाही.

जाहिरातीच्या मुद्द्यात तथ्य आहे. बार्बी बनवणाऱ्या मॅटेल कंपनीने या सिनेमांबरोबर त्या त्या वेषातल्या बाहुल्या विकायला आणल्याच. याहून वाईट उदाहरण हवं तर १९८६चा ट्रान्सफॉर्मर्स या खेळण्यातल्या यंत्रमानवांचा सिनेमा घ्या. जुनी खेळणी बाजूला सारून नवी विकायची होती, म्हणून त्यात ऑप्टिमस प्राइम या मुलांच्या लाडक्या नायकालाच मारलं. मुलं थिएटरात रडली. आणि पुढच्याच वर्षी मालिकेत त्याला जिवंत करावं लागलं. मुलांचा जीव त्या पात्रात अडकला होता, नव्या खेळण्याने त्यांचं समाधान होणार नव्हतं. विकण्याच्या हेतूने केलेल्या गोष्टीतही जीव असू शकतो, एवढं तरी यातून दिसतं.

‘गोष्ट नसते’ हे मात्र धडधडीत खोटं आहे. बार्बीचा २००१चा ‘नटक्रॅकर’ जर्मन लेखक हॉफमनच्या १८१६च्या कथेवर आणि रशियन संगीतकार चायकोव्स्कीच्या बॅलेवर उभा आहे. संगीत लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने वाजवलेलं. नृत्यं न्यूयॉर्क सिटी बॅलेच्या पीटर मार्टिन्स यांनी बसवली आणि खऱ्या नर्तकांच्या हालचाली टिपून संगणकावरच्या पात्रांना दिल्या. त्या काळच्या तंत्रामुळे चेहरे लाकडी वाटतात, हे खरंच. पण पावलं खरी नाचतात. आणखी एक गंमत : त्यात बार्बी धाकट्या बहिणीला, केलीला, गोष्ट सांगते आणि त्या गोष्टीतली क्लारा स्वतःच होते. २००३च्या सिनेमात ती हंससरोवरातली ओडेट असते. पेडण्यात दशावतार पाहणाऱ्यांना यात काही नवल वाटू नये. आज कृष्ण झालेला नट उद्या दुसऱ्या गावात अर्जुन म्हणून उभा राहतोच.

आता राजपुत्र. ‘नटक्रॅकर’मध्येच शाप राजपुत्रावर आहे आणि तो सुटतो क्लारामुळे. पण मला बोलायचंय ते २००४च्या ‘प्रिन्सेस अँड द पॉपर’बद्दल. मार्क ट्वेनच्या १८८१च्या कादंबरीत दोन मुलगे एकमेकांची जागा घेतात, इथे दोन मुली. एरिका आईबापांचं कर्ज फेडण्यासाठी कपड्यांच्या दुकानात शिवणकामाला जुंपलेली. राजकन्या अ‍ॅनेलिसला विज्ञानाचं वेड, पण राज्याच्या सोन्याच्या खाणी रिकाम्या झाल्या म्हणून तिला श्रीमंत राजाशी लग्न करावं लागणार. राज्य वाचतं ते तिच्या ज्ञानामुळे : खाणीतल्या साध्या दिसणाऱ्या दगडांच्या पोटात मौल्यवान स्फटिक आहेत, हे तिला ओळखता येतं. खाण बंद पडली की घराचं काय होतं, हे २०१२मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्यानंतर डिचोली-सांग्यातल्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. सिनेमाचा हा भाग ती श्वास रोखून बघतात. शेवटी लग्नं होतात, हो. पण राजकन्या आपल्या शिक्षकाशी लग्न करते, आणि राजाचं मन जडलेलं असतानाही एरिका आधी गायला जग फिरून येते. २००९च्या सिनेमात तर नायिका मस्केटीअर, म्हणजे राजाच्या रक्षक-शिपायांपैकी एक, होते आणि तलवार चालवून राजपुत्राला वाचवते. यांतली वाट बघत बसलेली मुलगी कुठली, ते मजकूर लिहिणाऱ्याने दाखवून द्यावं.

सगळेच सिनेमे चांगले आहेत असं मी म्हणत नाही. काही निव्वळ चमचमाट आहेत. ते मी दाखवत नाही.

राहिला मराठीचा प्रश्न. आपल्याकडचं मूल घरी कोकणी बोलतं, शाळेत मराठी वाचतं, टीव्हीवर हिंदी आणि इंग्रजी ऐकतं. आणखी एका सिनेमाने त्याची भाषा जात नाही. तो पाहून झाल्यावर घरातलं कोणीच त्याच्याशी गोष्टीबद्दल बोललं नाही, तर मात्र जाईल. आमच्या मुलींनी हीच अदलाबदलीची गोष्ट नाटकासाठी मराठीत लिहायला घेतली. राजकन्येने जुन्या संगीत नाटकासारखं भारदस्त बोलायचं, एरिकाने साधं गावाकडचं, आणि जागा बदलल्यावर दोघींनी एकमेकींचं बोलणं उचलायचं, असं त्यांनीच ठरवलं. मूळ सिनेमात हे नाही. उत्सवी नाटकात काम केलेलं माणूस इथल्या पुष्कळ घरांत असतं, तेव्हा राजकन्येच्या संवादांसाठी मुली आजोबांकडून जुन्या नाटकांच्या प्रती मागून आणतात आणि मोठ्याने वाचतात.