नकाशावर हिरवा, गावात बंद

दादरहून इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी शंभर टक्के भरून निघालो. कोकणातलं आमचं तालुक्याचं गाव येईपर्यंत उरली १२ टक्के. नकाशावर चार्जर हिरवा, म्हणजे चालू. जाऊन बघतो तर स्क्रीन काळी, गनवर, म्हणजे गाडीला लावायच्या प्लगवर, धूळ, पुढ्यात टेम्पो उभा. पंपावरचा पोरगा म्हणतो, "काका, तो गणपतीपासून बंद आहे." मग हिरवा दाखवताच कशाला? आई गाडीत, दिवस मावळलेला, जायचं कुठे?

दुसरा चार्जर चालू होता, पण त्याचं ॲप वेगळं, वॉलेट वेगळं. आधी पैसे भरा, मग ओटीपी. आणि तिथे रेंजच नाही! पेट्रोल भरताना कोणी ॲप मागतं का?

शेवटी मामांच्या खिडकीतून वायर ओढली. ३० युनिटची बॅटरी, घरच्या सॉकेटवर ३.३ किलोवॅटनं आठ-नऊ तास. तेही लाईट टिकली तर. दोनदा गेली.

अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना २०२५ मध्ये टोल माफ केला, चांगलंच केलं. पण पुढे गावाकडे कोण बघणार? एक चालती सीसीएस-२ (जलद चार्जिंगची) गन आणि फोन उचलणारा माणूस, इतकंही जमू नये?