‘कव्हर घालूनही रील गंजलं’ या अभिप्रायाला दुकानाकडून उत्तर

नमस्कार.

तुमचा अभिप्राय वाचला. फेब्रुवारीत आमच्या रत्नागिरीच्या दुकानातून तुम्ही मासे गरवायच्या रॉडला (गळाच्या काठीला) लावायचं ४००० साइजचं स्पिनिंग रील, म्हणजे दोरी गुंडाळायची चकरी, आणि त्यावर घालायचं रबरी कव्हर घेतलं. कव्हर कायम घातलेलं असूनही तीन महिन्यांत रील गंजलं, बेल, म्हणजे दोरी चकरीवर वळवणारी तार, वाकली, नुसत्या फेकीतच दोरी तुटायला लागली. समुद्राचं म्हणून गोड्या पाण्याचं रील गळ्यात मारलं, आणि तक्रार घेऊन आलो तर ‘वॉरंटीत बसत नाही’ एवढं सांगून वाटेला लावलं, असं तुम्ही लिहिलंय. एक तारा दिलात. तो तसाच राहू दे, पण उत्तर नीट देतो, कारण हेच कव्हर आमच्याकडून बऱ्याच जणांनी नेलंय.

शेवटच्या तक्रारीचं आधी. त्या रविवारी मी दुकानात नव्हतो, काउंटरवर माझा भाचा होता. गंज वॉरंटीत बसत नाही हे त्याचं म्हणणं खरं, पण कोल्हापूरहून आंबा घाट उतरून आलेल्या गिऱ्हाइकाला एवढं एकच वाक्य ऐकवून परत पाठवायचं नसतं. रील हातात घेऊन काय झालंय ते दाखवायला हवं होतं. त्याने तुम्हाला फोन केला, पण तुमचा अपमान चारचौघांत झाला, म्हणून माफीही इथे सगळ्यांसमोर मागतो.

रील तुम्ही रागाने काउंटरवरच ठेवून गेला होतात. परवा फोनवर तुमची परवानगी घेतली आणि रात्री शटर ओढल्यावर वर्तमानपत्र पसरून ते उघडलं. आतला मुख्य गिअर स्वच्छ आहे, दात शाबूत आहेत, ग्रीस अजून जागेवर आहे. हलक्या किंवा गोड्या पाण्याच्या रीलची तीन महिन्यांच्या खारेपणानंतर आतली अवस्था अशी नसते. म्हणून ‘गळ्यात मारलं’ हे मला मान्य नाही. रील समुद्राचंच आहे. पण समुद्राचं रील म्हणजे पाणी अजिबात न शिरणारं रील, असं नसतं. धुवावं त्यालाही लागतं.

खराबी सगळी बाहेरून आहे. रीलचा पाय, म्हणजे रॉडच्या सीटमध्ये अडकतो तो भाग, खालून पांढऱ्या भुकटीने भरला होता. ती भुकटी ॲल्युमिनियमच्या गंजाची. खाऱ्या ओलीत ॲल्युमिनियम आणि स्टील एकमेकांना चिकटून राहिले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, आणि तुमच्या रॉडच्या सीटची कडी स्टीलची आहे. रील एकदा बसवल्यावर तीन महिने उतरवलंच नव्हतं, असं तुम्ही म्हणालात. मग त्या फटीतलं मीठ निघणार कुठून?

बेलच्या टोकाला, जिथून दोरी वळते, तिथला छोटा रोलर बोटाने ढकलला तर हलेना. रोलर अडकला की दोरी त्यावरून फिरत नाही, घासत जाते. आणि हे एक ठिकाण झालं. दुसरं स्पूलवर, म्हणजे दोरी गुंडाळली जाते त्या भागावर, सापडलं. स्पूलच्या ओठावरून कापसाचा बोळा हळू फिरवला तर एका जागी तंतू अडकले. भिंग लावलं तर तांदळाच्या कणीपेक्षाही लहान खाच दिसली. नुसत्या नजरेला ती दिसत नाही, नखाला जेमतेम लागते. पण प्रत्येक फेकीला ब्रेडेड लाइन, म्हणजे बारीक धागे विणून केलेली दोरी, त्या ओठावरून वेगाने सुटते, आणि खाचेत तिचा एकेक धागा कापला जातो. मासा नसताना दोरी तुटत होती ती त्यामुळे. दोरी वाईट नव्हती.

ही खाच आणि वाकलेली बेल एकाच वेळी झाली असावी. बेलच्या तारेवर निळा ओरखडा आहे, आणि या रीलवर निळा रंग कुठेच नाही. फोनवर विचारलं तेव्हा तुम्हीच सांगितलंत की दोन्ही रॉड रीलसकट गाडीत मागून पुढे आडवे टाकता आणि दुसरं रील निळं आहे. घाटाच्या वळणावळणांवर ती दोन्ही रीलं एकमेकांवर आपटत आली. मधे कव्हर होतं, मान्य, पण ते जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचं. हलके ओरखडे थांबवायला ते पुरतं. अर्धा किलोच्या वर वजन असलेल्या दुसऱ्या रीलचा दणका बेलच्या बारीक तारेवर बसला तर ते काय करणार.

आता गंजाचं, आणि इथे दोष माझ्याकडे येतो. भाट्याच्या वाळूत किंवा मिऱ्याच्या कातळावर दिवसभर गरवून झालं की रीलवर मिठाचा थर बसलेला असतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, आणि तुषारांतूनही ते येतंच. तुम्ही त्यावर तसंच ओलं कव्हर चढवलंत आणि घरी गेलात. कोल्हापूरच्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत उघडं रील एका दुपारी सुकलं असतं. कव्हरचं रबर हवा आत सोडत नाही, ओल बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे पुढच्या फेरीपर्यंत ते रील मिठाच्या ओल्या पिशवीतच राहिलं. नंतर सुकलं असतं तरी प्रश्न सुटत नव्हता. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून घेतं, आणि आमच्याकडे किनाऱ्यावर पावसाळ्यात ती रोजच त्याच्या पुढे असते.

हे तुम्हाला विकताना सांगायला हवं होतं. पाकिटावर ‘संपूर्ण संरक्षण’ अशा अर्थाचं काहीतरी मोठ्या अक्षरांत छापलंय, ते मी इतकी वर्षं नीट वाचलंही नव्हतं. आमच्या काउंटरवरून तेच शब्द तुमच्यापर्यंत गेले. तुम्ही विश्वास ठेवलात आणि कव्हर कधी काढलंच नाही. ज्याने जास्त काळजी घेतली त्याचंच रील जास्त गंजलं, ही गोष्ट मला फार लागली.

तर कव्हर प्रवासापुरतं, आणि कोरड्या रीलवर. तेही रील रॉडवर ठेवूनच न्यायचं असेल तर. मला विचाराल तर गाडीत रील उतरवून, कापडात गुंडाळून वेगळ्या डब्यात ठेवावं. वेळ नसेल तर हँडल दुमडा, बेल बंद करा, दोन रॉड उलटसुलट ठेवा, म्हणजे एकाच्या रीलशेजारी दुसऱ्याचं टोक येईल, आणि दोन ठिकाणी पट्टीने आवळा. गाडीला रॉड टेकवून जेवायला बसू नका. दार उघडणारा माणूस रॉड बघत नाही. बेल वाकलेली जितकी रीलं माझ्याकडे दुरुस्तीला येतात, त्यातली निम्मी तरी मासा ओढताना वाकलेली नसतात, उभी केलेली रॉड घसरून पडलेली असतात. कातळावर रॉड ठेवायची वेळ आली तर खाली गोणपाट टाका. वाळूत पीव्हीसीचा पाइप हातभर रोवा आणि त्यात रॉड उभी करा. रीलच्या हँडलमधे शिरलेली भाट्याची बारीक वाळू काढायला मला अर्धा दिवस लागतो.

धुण्याबद्दल एक सांगायलाच हवं, कारण हल्ली बरेच जण परतीच्या वाटेवर गाड्या धुण्याच्या सेंटरवर थांबून तिथल्याच फवाऱ्याने रील मारून घेतात. असं करू नका. त्या दाबाने मीठ निघत नाही, बेअरिंगच्या आत ढकललं जातं. घरी आल्यावर रील सीटमधून उतरवा, ड्रॅग, म्हणजे दोरी किती ताणाला सुटावी ते ठरवणारा ब्रेक, घट्ट करा म्हणजे त्याच्या वॉशरमधे पाणी शिरणार नाही, आणि नळाच्या बारीक धारेखाली धरा. बादलीत बुडवू नका. झटका, पुसा, मग ड्रॅग सैल सोडा, कारण घट्ट ठेवला तर वॉशर दबून राहतात. रात्रभर पंख्याखाली, सावलीत. सकाळी रोलरवर आणि हँडलच्या मुठीपाशी तेलाचा एकेक थेंब. सीटची कडीही त्याच वेळी पुसून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

नवीन रील बदलून मी देणार नाही, हे स्पष्ट सांगतो. बेल आणि स्पूल आपटून गेलेत, तो दोष रीलचा नाही. पण कव्हरचे पूर्ण पैसे परत करतोय. रीलची साफसफाई, नवा रोलर, त्याचं बेअरिंग आणि नवी बेल आमच्याकडून, मजुरी नाही. पायाचा गंज घासून काढलाय. धातू वरवरच खाल्ला गेलाय, ताकद शाबूत आहे. स्पूलची खाच बारीक पॉलिश पेपरने घासून पाहिली. कापूस आता अडकत नाही, पण माझं मन भरलं नाही, म्हणून नवं स्पूल मागवलंय. त्याची किंमत तेवढी तुमच्याकडून घ्यावी लागेल, खरेदीच्या भावात. कालपासून प्रत्येक कव्हरच्या पाकिटात आम्ही मराठीत छापलेली चिठ्ठी घालतोय: ‘ओल्या रीलवर घालू नका. घरी ठेवताना काढून ठेवा.’ ज्यांनी आधी कव्हर नेलंय आणि हे वाचताय, त्यांनी आज घरी जाऊन ते काढून बघा. पांढरं काही दिसलं तर रील घेऊन या.

पुढच्या आठवड्यात रील तयार होईल. कुरिअरने पाठवू शकतो, पण तुम्हीच आलात तर बरं, आणि येताना तो रॉडही आणा. लूअरची, म्हणजे नकली आमिषाची, तिहेरी गरी तुम्ही रॉडवरच्या दोरी ओवायच्या रिंगेत अडकवून ठेवता असं वाटतं, कारण रीलच्या पायापाशीही गरीचे ओरखडे दिसले. रिंगेच्या आतल्या सिरॅमिकला तसाच चरा पडला असेल तर नवं स्पूल लावूनही तुमची दोरी तुटत राहील. एकेका रिंगेतून कापूस फिरवून बघू, चरा सापडला तर ती रिंग तिथल्या तिथे बदलून देतो.