नोटोरिअस लेखकाचा जाहीर सत्कार

परवाच्या २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांची जयंती म्हणजे मराठी भाषा गौरव दिन म्हणून, आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीने माझा सत्कार ठेवला. गेटवर फ्लेक्स. वर नगरसेवक हात जोडून, खाली पासपोर्ट साइजमध्ये मी, आणि नावाआधी लालभडक अक्षरांत 'नोटोरिअस लेखक'.

सेक्रेटरी माइकच्या वायरचा गुंता सोडवत होते.

"अहो, हे काय छापलंय?"

"आवडलं ना? आधी फेमस टाकलं होतं. मग म्हटलं, फेमस तर मामलेदारची मिसळ पण आहे. तुम्हाला जरा वजनदार पाहिजे."

"नोटोरिअस म्हणजे कुप्रसिद्ध!"

"काय सांगता! ग्लोरिअस, व्हिक्टोरिअस, नोटोरिअस. एवढ्या चांगल्या घरातला एकच कसा वाया जाईल?"

"बदलून घ्या."

"आता कसं? वहिनींना मॅटर पाठवलं होतं. त्यांनी अंगठा दिला."

मी गप्प. हिचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे.

तसा शब्द मूळचा सज्जन. लॅटिनमध्ये 'नोटुस' म्हणजे माहीत असलेला. सोळाव्या शतकात नोटोरिअस इंग्रजीत रुळला तेव्हा 'सर्वांना ठाऊक' एवढाच अर्थ घेऊन फिरत होता. पण चोर, लबाड, पापी यांच्याच नावाआधी लोक त्याला बसवत राहिले आणि बिचारा संगतीने बिघडला. फेमसचं उलटं. लॅटिन 'फामा' म्हणजे लोकांत चाललेली चर्चा, अफवासुद्धा. 'फामोसुस' तिकडे बरेचदा बदनाम माणसालाच म्हणायचे. तो पुढे सुधारला, मिसळीपर्यंत पोचला. आपल्याकडे तरी काय, गुंड नामचीन आणि डॉक्टर नामांकित. नाव दोघांचंही झालेलंच. आणि 'नोटीस'ही त्याच नोटुसच्या घरातली. मेंटेनन्स थकवणाऱ्यांची नावं आमचे सेक्रेटरी नोटीस बोर्डावर लावतात, तेव्हा त्यांचं लॅटिन अगदी शुद्ध असतं.

पण खरं सांगू, कुप्रसिद्धचं मला एवढं लागलं नाही. दिवस मराठीचा, लेखक मराठी, ३ ऑक्टोबर २०२४ पासून भाषेला अभिजात दर्जा, आणि मान द्यायचा म्हटलं की विशेषण इंग्रजी! ख्यातनाम, नामवंत, सुप्रसिद्ध सगळे धूळ खात पडलेत. हेही मी सेक्रेटरींना ऐकवलं.

"नामवंत गेल्या वर्षी वापरला ना," ते म्हणाले, "ड्रेनेजच्या कॉन्ट्रॅक्टरला. सगळ्यांना तेच तेच काय द्यायचं?"

यांच्यापैकी एकानेही माझी एक ओळ वाचलेली नाही. वाचली असती तर विशेषण शोधायला तरी सोपं गेलं असतं.

निवेदनाला नववीतली मुलगी होती, इंग्रजी माध्यमातली. तिने ते विशेषण माइकवर अगदी स्वच्छ उच्चारलं. मागच्या रांगेतली पोरं फिसकन हसली. मोठ्यांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. आमची ही दोन्ही करत होती.